आईचा ऑफ सीझन

फिरायला टोकियो निवडण्यामागचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. तिथं मी गप्प राहिले तरी कुणाला खटकणार नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून गावाकडं मला शिष्ट समजतात, साताऱ्याच्या ऑफिसात कमी बोलते म्हणून बावळट. जिथली भाषाच येत नाही, तिथं गप्प बसणं साधं दिसतं.

सोबत आईला न्यायचं होतं. पप्पा फौजेत असताना पलूसजवळची आमची उसाची शेती तिनंच सांभाळली. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे पप्पांच्या पोस्टिंगवर जबलपूरला. तोही उसाला साखर कारखान्याची तोड आली म्हणून अर्ध्यात टाकून परतली.

गणपतीत मी तिला म्हणाले, "ऑफ सीझनला जाऊ. तिकीट स्वस्त, हॉटेल स्वस्त, गर्दी नाही."

"ऑफ सीझनला व्हय? मग जमंल की," ती चटकन म्हणाली.

होकार इतक्या सहज येईल असं वाटलं नव्हतं. तिचं मन बदलायच्या आत मी तिचा पासपोर्ट करून घेतला.

आखणी मला चांगली जमते. जानेवारीचा शेवट टोकियोत स्वस्त असतो. नव्या वर्षाची सुट्टी संपलेली असते आणि चेरीच्या फुलांना अजून वेळ असतो. स्टेशनाजवळचं छोटं हॉटेल, आडवारचं विमान, आईच्या गुडघ्यांना झेपतील अशी लिफ्टवाली स्टेशनं, सगळं ठरवून दिवाळीला घरी गेले आणि जेवताना मोबाईल तिच्यापुढं धरला.

तारीख बघून आईनं हातातला घास ताटात ठेवला. "ह्यो ऑफ सीझन? अगं, ह्यो तर ऐन सीझन हाय!"

मला कळेना. पप्पा मात्र हसत सुटले. "आवं मॅडम, तुमच्या आईचा सीझन म्हंजी कारखान्याचा. धुराडं पेटलं की सीझन, इझलं की ऑफ सीझन. जपानला कोण इचारतंय?"

आईनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, कारखाना बंद झाला की मी लेकीबरोबर परदेशी चालले. सीझन हा माझ्या शाळेतला शब्द, असं मी धरून चालले होते. तो आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होता.

"तू जा मैत्रिणीसंगं," आई म्हणाली. "तोड कवा येईल सांगता येत न्हाई. तोडणाऱ्या टोळीपाशी उभं ऱ्हावं लागतं, न्हाईतर बुडख्याला ईतभर ऊस ठेवून जात्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. जबलपूर सोडतानाही ती अशीच बोलली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर बसून टोकियोचं अख्खं वर्ष पुन्हा चाळलं, या वेळी आईचा सीझन आधी धरून. जूनच्या मध्यावर तिथं पाऊस लागतो, प्रवासी जायचं टाळतात, दर उतरतात. म्हणजे त्या शहरालाही आणखी एक ऑफ सीझन होता, आणि तेव्हा आमचा कारखाना बंद असणार होता. विमान थोडं महाग पडत होतं, ते मी हॉटेल शहराच्या कडेला नेऊन भरून काढलं.

"पावसाचं जायचं? येवढ्या लांब?" नवी तारीख दाखवल्यावर आई म्हणाली.

"म्हणून तर स्वस्त आहे."

"आन सोयाबीनची पेरणी?"

"पेरणी मी बघतो," पप्पा म्हणाले. "ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, संपलं. टोळीचं तेवढं आपल्याला जमत न्हाई. मला सलाम ठोकत्यात आन पायजे तसं तोडत्यात."

"तुमचा सलामच लय गोड लागतो तुमाला," आई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "त्यात तोडीचा एक पण दिवस न्हाई न्हवं? नीट बघितलंस?"

"बघितलं. धुराडं विझल्यावरच जातोय."

ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. मी मोबाईल तसाच हातात धरून होते. काही विचारलं असतं तर ती पुन्हा नाही म्हणाली असती, एवढं मी तिला ओळखते.

"छत्र्या हितनं न्यायच्या का तिथं मिळत्यात?" तिनं पाठमोरीच विचारलं.

मी आधी तिकिटं काढली. मग सांगितलं, तिथं मिळतात.