ट्रेमलेटनं निशाण चढवलं नाही

पोर्ट्समथच्या गुत्त्यात बसून जोसाया ट्रेमलेटला भेकड म्हणणाऱ्यांनो, त्या दिवशी ‘हॉथॉर्न’ जहाजावर तुम्ही नव्हता. मी होतो, तोफेशी.

हा माणूस म्हणजे धक्क्यावरून जबरदस्तीनं आरमारात कोंबलेला खलाशी. दोर ओढत ओढत लेफ्टनंट झाला आणि तिथंच कुजला. मामा-काकांच्या वशिल्याची पोरं त्याच्या डोक्यावरून कप्तान होऊन गेली.

त्या दिवशी फ्रेंचांची दोन जहाजं आम्हाला दोन्ही अंगांनी भिडली. पहिल्याच माऱ्यात आमचा कप्तान गेला. जहाज ट्रेमलेटच्या हाती आलं. ते लढवत घरी नेलं असतं तर कप्तानपद पक्कं! पण डोलकाठ्या मोडलेल्या, सुकाणू उडालेलं, माणसं निम्मी मेलेली. माझी तोफ फुटली म्हणून सांगायला मी वर आलो, तेवढ्यात एका गोळ्यानं निशाणाची काठीच तोडली. निशाण पाण्यात पडलं.

फ्रेंचांनी तोफा थांबवल्या. निशाण उतरलं म्हणजे शरण आले, हा दर्याचा रिवाज. खालच्या जखमींचं विव्हळणं प्रथमच ऐकू आलं.

ट्रेमलेटनं पेटीतून दुसरं निशाण काढलं. ते चढवलं की लढाई पुन्हा सुरू.

“नका चढवू, साहेब,” सुकाणूवरचा सायलस बज म्हणाला.

“गप रे! जहाज तुझ्या बापाचं आहे का?”

“जहाज राजाचं, साहेब. मढं तेवढं माझं.”

ट्रेमलेटनं मोडक्या डोलकाठीच्या बुंध्यावरचा दोर धरला. सोडला. पुन्हा धरला. फ्रेंचांची होडी येऊन लागली तरी निशाण त्याच्या काखेतच होतं.

कैदेतून सुटून आलो तर पुढं आरमारी कोर्ट, जहाज का दिलं म्हणून! आम्ही सगळ्यांनी एकमुखानं शपथेवर सांगितलं, दुसरं निशाण जळालं होतं. साहेब सुटणार असं दिसायला लागलं, आणि हा शहाणा उठून म्हणाला, “दुसरं निशाण होतं. मीच चढवलं नाही.”

बडतर्फ. पेन्शन नाही, काही नाही.

बाहेर सायलस त्याच्या अंगावर धावलाच. “अहो, जीभ कशाला उचलली? सुटला होता की!”

“तुमच्या पोरांना काय सांगायचं मग?” ट्रेमलेट म्हणाला. “एक फडकं मिळालं नाही म्हणून बाप वाचला?”

“हो! तेच सांगितलं असतं!” सायलस रडत ओरडला. “आता खाणार काय तुम्ही?”