फुंका म्हणणाऱ्या सिस्टर

आमच्या दवाखान्यात खोकल्याला एकच उत्तर होतं आणि ते माझ्या खिडकीतून मिळायचं. मी औषधं देणारा माणूस. डॉक्टरसाहेब चिठ्ठीवर एक रेघ ओढायचे, मी तपकिरी औषधाची बाटली पुढे सरकवायचो. खोकला ओला असो, सुका असो, आठ दिवसांचा असो की आठ वर्षांचा, बाटलीने कधी भेदभाव केला नाही. साहेब दुपारी एकच्या आत साठ पेशंट उरकत. माणशी तीन मिनिटं, त्यातलं एक मिनिट स्टूल पुढे ओढण्यात जायचं. उरलेल्या वेळात निदान म्हणजे चमत्कारच, आणि तो रोज साठ वेळा व्हायचा.

सिस्टर आमच्याकडे अठरा वर्षं होत्या. ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर, बोलणं मोजकं. एकदा वरून पत्र आलं: दम्याच्या तपासणीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, कोणीतरी एक जण पाठवा. साहेबांना वेळ नव्हता, मला उत्साह नव्हता, म्हणून सिस्टर गेल्या. येताना त्यांनी वीतभर लांबीची प्लॅस्टिकची नळी आणली. तिच्यावर आकडे आणि एक सरकता काटा. जोरात फुंकलं की श्वास किती मोकळा सुटतोय ते काटा सांगायचा.

साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली. "छान आहे. स्टॉकला चढवा आणि कपाटात ठेवा. हरवायला नको."

त्या कपाटात आमची बरीच प्रगती आधीपासून सुरक्षित होती. सिस्टरनी नळी स्टॉकला चढवली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

पहिला सापडला तो सुतार. चाळिशीचा, पण जिना चढला की साठीचा दिसायचा. सिस्टरनी त्याचा केसपेपर पहिल्या पानापासून वाचला. असला आगाऊपणा आमच्याकडे याआधी कोणी केला नव्हता. अकरा वर्षांच्या अकरा नोंदी, अकराही सारख्या: छातीत सर्दी, औषध पाच दिवस.

"दादा, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं?" सिस्टरनी विचारलं.

"बरं असतं की."

"आणि कामावर?"

"फळ्या घासायला घेतल्या की छाती आवळते. पहाटे आतून शिट्टी वाजते. बायको म्हणते, कोणाला बोलावताय?"

"हे साहेबांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

सिस्टरनी त्याला फुंकायला लावलं. काटा दोनशे साठवर थांबला. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप स्वतःच त्याच्या तोंडात धरून दाबला, पंधरा मिनिटं बाकावर बसवलं आणि पुन्हा फुंकवलं. साडेतीनशे. सिस्टर आकडे घेऊन आत गेल्या.

"नळी नवीन आहे, चुकत असेल," साहेब म्हणाले.

"प्रत्येक वेळी तीनदा फुंकवलं, साहेब."

"मग सराव झाला असेल त्याला."

अकरा वर्षं धाप लागलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत फुंकण्याचा सराव झाला, हेही एक निदानच. पण बाहेर रांग खोळंबली होती, म्हणून त्यांनी रोज घ्यायच्या पंपाच्या चिठ्ठीवर सही केली. दमा असा मान्य झाला.

सुताराच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं. सासूबाईंनी जाहीर केलं, पंप म्हणजे शेवटची पायरी. एकदा लागला की सुटत नाही. त्यांचं वैद्यकीय शिक्षण शेजारणीकडे झालं होतं. तरी सुताराने पंप घेतला, आणि पंधरा दिवसांनी खोकत खोकत परत आला. काडीचा फरक नाही. साहेबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "घेऊन दाखवा बघू."

सुताराने आ वासला, पंप हातभर लांब धरला आणि गुलाबपाणी शिंपडावं तसा फवारा जिभेवर मारून गिळला. दोष त्याचा नव्हता. पंप मी दिला होता आणि 'सकाळ-संध्याकाळ दोनदा' एवढंच सांगितलं होतं. कसा घ्यायचा ते मलाही कुठे ठाऊक होतं?

सिस्टरनी शिकवलं. आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरून ओठ घट्ट मिटा, श्वास आत घेतानाच दाबा, मग दहा आकडे मोजेपर्यंत दम धरा. नंतर चूळ भरा. फळ्या अंगणात घासा, नाकाला फडकं बांधा. महिन्याभराने काटा चारशेच्या वर गेला. बायको मुद्दाम सांगायला आली, आता पहाटे घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

मग बाहेरच्या डॉक्टरांकडून पंप आणलेल्या सगळ्यांनाच सिस्टरनी बोलावलं. एकोणीस जण आले, त्यातले चौदा चुकीचा घेत होते. एक आजीबाई सहा वर्षं अगदी बिनचूक घेत होत्या, फक्त त्यांना दमाच नव्हता. पाय सुजलेले, आडवं पडलं की धाप. सिस्टरनी त्यांना साहेबांपुढे उभं करून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी घेतली. तिथे हृदयाचा आजार निघाला, आणि योग्य गोळ्यांनी सूज उतरली.

एका दुपारी सिस्टर सही घ्यायला आत गेल्या, तेव्हा साहेब ड्रॉवरमधून स्वतःचा पंप काढून घेत होते. त्यांना 'थोडी ॲलर्जी' होती. माझी खिडकी आणि त्यांची खोली यांच्यात एक प्लायवूड, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"साहेब, हलवला नाहीत. आणि श्वास सोडताना दाबलात."

ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "दार लावून घ्या." दार लागलं, आणि पलीकडून सिस्टरचा आवाज आला, "हं, आता फुंका."

त्यानंतर खोकल्याचा जुना पेशंट आला की साहेब स्वतःच "आधी सिस्टरकडे" म्हणू लागले. वर्षअखेरच्या बैठकीत त्यांनी 'माझा अभिनव उपक्रम' या नावाने अहवाल वाचला. त्यांना प्रमाणपत्र मिळालं, ते भिंतीवर लागलं. अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, परिचारिकेचे सहकार्य लाभले.

मी ती ओळ सिस्टरना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचली आणि विचारलं, "वरून आणखी नळ्या येणार, असं काही लिहिलंय का?"

"सहा मंजूर झाल्यात. पण तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना," त्या म्हणाल्या. "पण बाहेर तेरा जण बसलेत." आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.