होळीला आमच्याकडे कढई चढत नाही

लखनौच्या माणसांशी भांडता येत नाही, हे माझं लग्नानंतरचं पहिलं दुखणं. मी साताऱ्याची. आमच्याकडे प्रेमसुद्धा खेकसून करतात. इंदिरा नगरातल्या या घरात मी चहाचा कप उचलला, की सासूबाई लगेच, "रहने दीजिए बेटा, आप थक जाएँगी." अहो, मी दिवसभर प्रयोगशाळेत उभी असते, एका कपानं काय थकणार?

आई फोनवर म्हणाली, "मिळून काहीतरी करत जा गं. एका पोळपाटावर लाटलं की माणसं जवळ येतात." तेही करून पाहिलं. सासऱ्यांबरोबर रोज संध्याकाळी लूडो खेळायला बसले, तर ते मुद्दाम हरायचे! माझी सोंगटी मारायची वेळ आली की दुसरीच पुढे सरकवायची आणि हसायचं. सासूबाईंबरोबर पार्कात फिरायला जायला लागले, तर त्या अर्ध्या वाटेवर बाकावर बसायच्या आणि "आप घूम आइए" म्हणायच्या. वैताग नुसता. दीड वर्ष झालं तरी मी या घरात पाहुणीच. पाहुणीला कोणी रागावत नाही, आणि घरातलं काही सांगतही नाही.

गेल्या वर्षीची होळी आम्ही साताऱ्याला केली होती. या वर्षी मी मनाशीच ठरवलं, सासूबाई आणि मी मिळून गुजिया करायच्या. गुजिया म्हणजे आपली करंजीच, खव्याची. होळीच्या दिवशी अर्धी रजा टाकली, निशातगंजातून खवा आणला. त्या देवळात गेल्या होत्या तेवढ्यात मैदा भिजवला, सारण भाजलं, दोघींसाठी दोन पोळपाट मांडले. तेल तापत ठेवलं आणि दाराशी चाहूल लागताच हाक मारली, "मम्मीजी, आइए ना!"

त्या आल्या. कढईकडे बघितलं. गॅस बंद केला. "आज नहीं, बेटा," एवढंच म्हणून खोलीत गेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला गच्चीवर गाठलं. तो म्हणाला, "अरे यार, हमारे यहाँ होली खोटी है. मला वाटलं मम्मीनं सांगितलं असेल."

खोटी म्हणजे काय, तर घरात होळीच्या दिवशी माणूस गेलं. त्या घरात मग होळीला तळण करायचं नाही. कधीच नाही. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं तरच सण पुन्हा उठतो. आमच्या साताऱ्याकडे वर्षभर सण करत नाहीत, पुढं सगळं सुरू होतं. हे मला स्वप्नात तरी कळणार होतं का?

"गेलं कोण?"

"मेरा भाई. सात साल का था. मैं पैदा भी नहीं हुआ था."

"आणि इतके दिवस तू मिठाची गुळणी धरून बसलास?" मी ओरडले. ओरडून तरी काय उपयोग, म्हणून खाली जाऊन सासूबाईंच्या दारात उभी राहिले. "मम्मीजी, मुझे बताया क्यों नहीं?"

त्या पलंगावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बता देती तो आपकी भी होली चली जाती."

मला रडूच फुटलं, रागानं. हिंदी मराठी सगळं एक झालं. "जाऊ दे ना मग! घर माझं नाही का? चांगलं तेवढं मला वाढायचं आणि बाकीचं तुम्ही दार लावून भोगायचं, ही कुठली रीत?" त्यांना निम्मं कळलं असेल, निम्मं नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि मैद्याची परात माझ्या हातात दिली. सारणाचं पातेलं स्वतः घेतलं. "सामनेवाली के यहाँ चलिए. फेंकना थोड़ी है."

समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. मी लाटत होते, सासूबाई भरत होत्या. माझी पारी जाड झाली तशी त्यांनी ती परत माझ्यापुढे टाकली. काकूंची कानपूरहून आलेली बहीण तळायला बसली होती. तिनं मला विचारलं, "अपने घर में क्यों नहीं बनातीं?"

"हमारे यहाँ होली खोटी है," मी म्हणाले.

"हाय राम. किसकी गमी हुई थी?"

'मम्मीजींच्या मुलाची' असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई बोलल्या. माझ्याकडे बोट करून, अगदी सरळ आवाजात.

"इनके जेठ की."

जेठ म्हणजे थोरला दीर. सात वर्षांचा होता तो, आणि माझा थोरला दीर होता.