एसटीतली तालीम

श्रीरामपूरहून नगरला निघालेल्या एसटीत त्या दिवशी एका सीटवरून भांडण पेटलं. एका तरुणाने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती आणि एक मावशी नेमक्या त्या रुमालावरच बसल्या होत्या. दोघं एकदमच ओरडत होते.

माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ उठले. "थांबा. एकमेकांची वाक्यं खाऊ नका. दादा, खिशातला हात काढा, राग खोटा वाटतो. मावशी, तुमचं उत्तम चाललंय, पण आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही."

"आता जातो का?" मावशींनी असा काही आवाज लावला की ड्रायव्हरने ब्रेकच मारला. सगळी गाडी हसली. तरुणही हसला. मावशी सरकल्या. "बस रं बाबा, लई जागा हाय."

मी चौकशी केली, तर गृहस्थ आधी नाटकांचे आणि मग सिनेमांचे दिग्दर्शक निघाले. नाव ऐकून मी उभाच राहिलो. त्यांच्या हाताखाली शिकलेले नट आज पोस्टरवर असतात.

"बसा हो," ते म्हणाले. "जन्मभर नटांना सांगत आलो, खऱ्या माणसांसारखं बोला. खऱ्या माणसांनी मात्र माझं आज पहिल्यांदा ऐकलं. घरी तर कुणीच ऐकत नाही."

राहुरीला ते उतरले. कंडक्टरने विचारलं, "कोन हुते वो हे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "शाळामास्तर असनार. पर मानूस गुनाचा."

मी मान डोलावली. त्यांच्याविषयी इतकं नेमकं मी कुठल्याच पेपरात वाचलं नव्हतं.