मी पडद्यावर अडकायचे

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. ते चारठाण्याजवळच्या आमच्या गावात, मी इकडं परभणीत. आई गेल्यापासून दिवाळी झाली की भाऊ-भावजय ऊसतोडीला जायचे आणि आबा घरात एकटे उरायचे. म्हणून मोठा मोबाईल मीच त्यांना घेऊन दिला. व्हिडिओ कॉल लावायलाही मीच शिकवलं.

पहिल्या कॉलला अर्धी गल्ली आमच्या ओसरीत जमली होती. बायका मला साड्या दाखवत होत्या, मी त्यांना माझी गच्ची. आबा फोन इतका जवळ धरायचे की मला नुसतं कपाळच दिसायचं. "दिसायलो का गं?" — दर वेळी हेच. कधी नवं वासरू दाखवायचे, कधी फुटलेला कापूस. मीही रोज स्वतःहून लावायचे. खरंच लावायचे.

मग — कसं सांगू? हळूहळू गल्लीतल्या प्रत्येकाच्या हातात तसाच फोन आला. ओसरीत कुणी येईना. मलाही त्यात काही वाटेना. तेच कपाळ, तेच वासरू. फोन पिठाच्या डब्याला टेकवून मी कणीक मळत राहायचे, हूं हूं करत. आबांची हौस मात्र फिटेना. कॉल कापला तर लगेच पुन्हा यायचा. बापाला पुरे म्हणायचं तरी कसं?

एकदा खरंच चित्र अडकलं. "अडकली बघा पोरगी," असं म्हणून आबांनीच फोन ठेवला. मला — मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मी ते मुद्दाम करायला लागले. आधी पंखा बंद करायचे, मागचा पडदा हलायला नको म्हणून. मग बोलता बोलता थांबायचं. तोंड अर्धवट उघडं, पापणी हलवायची नाही, श्वास रोखून बसायचं. समोर आबा फोन झटकायचे, मला हाका मारायचे. मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. नंतर म्हणायचे, "आबा, तुमच्याकडं रेंजच नसती."

त्यांनी ते खरं मानलं. एका संध्याकाळी त्यांच्या मागं भिंत नव्हती, आभाळ होतं. शिडी लावून माळवदावर चढले होते. "आता दिसायलो का?" किती खुशीत विचारलं! सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्यासाठी शिडी चढतोय, हे मला कळलं नाही का? कळलं. तरी थोडं बोलून मी — पुन्हा अडकले.

काही दिवसांनी उतरताना ते पडले. खुबा मोडला. परभणीच्या दवाखान्यात सगळ्यांसमोर मी त्यांच्यावरच ओरडले, "कुणी सांगितलं होतं वर चढायला?"

आबांनी हात जोडले. मला. म्हणाले, "चुकलं बाई माझं. लय नाद लागला होता."

आता ते माझ्याच घरी असतात, आतल्या खोलीत, कॉटवर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचीच चूक सांगतात, हसून. मी तिथंच असते. काल जिंतूरचे मामा आले होते. आबांनी पुन्हा सगळं सांगितलं. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "लेक असावी तर अशी."

मी म्हणाले, "चहा घ्या मामा, गार व्हायलाय."