वहीतल्या दोन रिकाम्या ओळी
कडेला भोकं असलेल्या प्रिंटरच्या कागदाचा, त्यावरच्या शाईचा वास आला की मी अजून उठून बाहेर जातो. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या कॉलेजात होतो, घरातला पहिलाच. आमच्या सरांनी लाटांचा अंदाज सांगणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम केला होता. त्यासाठी जेटीजवळच्या, मापाचे आकडे रंगवलेल्या खांबावर रोज लाटांची उंची बघून मी वहीत लिहायचो. दोन दिवस दर्या इतका खवळला की खांबापर्यंत जाताच आलं नाही. रिकाम्या ओळी बघून सर म्हणाले, "मशीनला रिकामं चालत नाही. आधीचेच आकडे टाक." दर्या खवळण्याआधीचा दिवस शांत होता. मी टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला आणि सरांनी बंदरावर मशीनमधून निघालेला अंदाजाचा कागद वाचून दाखवला, समुद्र शांत राहील. बाबा होडीत जाळं भरत होते. त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तूच मोजल्यास ना रे लाटा? मग जाव काय?" कोणीतरी हसलं, "आता होडी हाकायला कॉलेजवाला तांडेल मिळाला तुला!" बाबांची मान अभिमानाने ताठ झाली. मी "हो" म्हणालो. संध्याकाळी ते परतले ते जाळं दर्यातच सोडून, खाऱ्या पाण्याच्या उलट्या करत. "एखादा अंदाज चुकतोच," म्हणत सरांनी चहाचा घोट घेतला, तेव्हा मला त्यांची किळस आली. पण बाबा धापा टाकत शेजाऱ्यांना सांगायला लागले, "पोराचा काय दोष नाय, दर्याच फिरला," आणि मला माझ्याच हातांकडे बघवेना. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते दर्यालाच दोष देत राहिले, आणि मी देऊ दिला.