मामाजींचा तिसरा सीझन

दारव्हा तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांना एका झटक्यात पसंत पडलेली वस्तू आजवर कुणी पाहिलेली नाही. मी सून म्हणून पसंत पडले ती सहा वर्षांनी, आणि तीही 'चालते' या शेऱ्यासह. यात माझा अपमान नाही. मामाजींनी उभी हयात बाजार समितीत कापसाचे ग्रेडर म्हणून काढली. गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन चिमटींत धागा ताणायचा आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे न बघता प्रत सांगायची, हेच त्यांनी चौतीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर कापूस सुटला, चिमटी सुटली नाही. आमच्या लग्नात स्टेजवर बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्यामुलाच्या गादीचा कोपरा उसवून आतला कापूस ताणला आणि "हे कवडी भरली ना बाप्पा यात!" असं मंगलाष्टकांच्या वर आवाज काढून सांगितलं. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. मांडववाल्यानं गादी बदलेपर्यंत अंतरपाट धरणारे दोघं तसेच उभे होते.

अशा माणसाच्या घरात मुलानं स्मार्ट टीव्ही आणून लावला आणि दारव्ह्याला एक समीक्षक मिळाला. तेव्हा एका मोठ्या घराण्याची मालिका मोबाइलवर आणि टीव्हीवर नुकतीच सुरू झाली होती. एक विधवा आई, तीन मुलगे, कापसातून सरकी काढायची एक जिनिंग गिरणी आणि घरभर अबोला, एवढं तिचं भांडवल. सीझन हा शब्द मामाजींना फार आवडला. "सीझन म्हणजे हंगाम. अन् हंगामातलं मले कोणी शिकवू नये," असं म्हणून ते पहिल्या भागाला चष्मा पुसून, पाठ ताठ करून बसले. त्यांची बघण्याची पद्धत पाहुण्यांना झेपत नसे. मध्ये कुणी बोललं तर ते भाग पहिल्यापासून लावत. शेवटची नामावळी कधीच पुढे ढकलू देत नसत. मोठ्यानं वाचत, अगदी शूटिंगला चहा पुरवणाऱ्यापर्यंत. "त्यानं चहा पाजला म्हणून यायले रडता आलं," हे त्यांचं म्हणणं. आणि सगळा सीझन संपला की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर परीक्षण लिहून ते आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर टाचणीनं लावत.

पहिल्या सीझनला शहरातल्या पेपरांनी जेमतेम म्हटलं होतं. मामाजींनी मात्र 'लांब धाग्याचा माल' असा शेरा दिला, आणि खाली तीन दोष काढले. ऐन पेरणीच्या जूनमध्ये बोंडं फुटलेली दाखवली, हा पहिला. वऱ्हाडातला हमाल पुण्यासारखा बोलतो, हा दुसरा. आणि तिसरा असा की, 'आठ भागांत या घरात एकानंही भाकरी मोडलेली दिसली नाही, तरी सगळ्यांच्या अंगात भांडायची ताकद कुठून येते?' ते वाचायला औषधांच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक सोडून आला होता.

दुसऱ्या सीझनला गंमत उलटी झाली. पेपरांनी तो डोक्यावर घेतला आणि मामाजींनी त्याला 'फरदड' म्हटलं. कापूस वेचून झाल्यावर पीक काढून न टाकता त्याच झाडांवर पुन्हा पाणी सोडून जो उरलासुरला माल काढतात, तो फरदड. यावर भांडण व्हायचंच होतं, पण ते वाचनालयात न होता पांढरकवड्याशी झालं. तिथे मामाजींची थोरली बहीण, म्हणजे माझी मावससासू राहते. मामाजी तिला 'बाई' म्हणतात. बाईच त्यांच्या लहानपणी त्यांना कडेवर घेऊन फिरली, त्यामुळे त्यांच्या मताला किंमत न देणारं जगात ते एकच माणूस. दर रविवारी दोघांचा फोन असे आणि त्यात तब्येतीपेक्षा मालिका जास्त असे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी थोरला मुलगा धाकट्यावर हात उचलून घर सोडतो आणि आई काहीच बोलत नाही, यावर दोघांची जुंपली. फोन स्पीकरवर होता, मी शेजारच्या आमच्या घरून येऊन त्यांच्या ओट्यावर भाजी निवडत ऐकत होते.

"आईनं बोलाले पायजे होतं," मामाजी म्हणाले. "लेखक झोपला होता तिथं."

"तू झोपला होतास," बाई म्हणाली. "माय कवा चूप बसते ते तुले काय समजते? कवा घर चालवलं तू?"

"चौतीस वर्ष माल पारखला मी!"

"मग कापूसच पाह्यत बस," म्हणून बाईनं फोन ठेवला.

तो जो ठेवला तो ठेवलाच. दीड वर्ष रविवार सुनेसुने गेले. मामाजी दहाच्या सुमारास फोन पुसून टेबलावर ठेवत आणि अकराला उचलून कपाटात टाकत. राखीपौर्णिमेला पांढरकवड्याहून पाकीट आलं. त्यात राखी होती, पत्र नव्हतं. राखी ज्या कागदात गुंडाळली होती तो पेपरमधला दुसऱ्या सीझनचा कौतुकाचा लेख होता, आणि आईच्या मौनाबद्दलच्या चार ओळी लाल शाईनं अधोरेखित केलेल्या होत्या. मामाजींनी राखी बांधून घेतली आणि लेखातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून तो परत पाठवला.

मग तिसरा सीझन आला आणि सगळ्यांनी एकमुखानं त्याला झोडपलं. मामाजींना असा आनंद मी मुलाच्या नोकरीच्या वेळीही झालेला पाहिला नव्हता. "आता पाह्यतो बाई काय म्हणते!" असं म्हणून त्यांनी कॅलेंडरची दोन पानं फाडून ठेवली. पण पहिल्या भागाची नामावळी वाचून होण्याआधीच बाईच्या मुलाचा फोन आला. काचबिंदू फार पुढे गेला होता. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, बाकी नाही. "मामा, ते टीव्हीसमोर बसते, पण दिसत काही नाही तिले. नुसती ऐकते."

मामाजींनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. मी शाळेत शिकवते हे त्यांच्या ध्यानात होतं. "सूनबाई, शाळेले नाताळच्या सुट्या हायेत ना? चला मग." जीपनं यवतमाळ आणि तिथून बसनं पांढरकवडा गाठलं. वाटेत पुढच्या सीटच्या फाटक्या गादीतून कापूस काढून त्यांनी ताणून पाहिला, पण प्रत सांगितली नाही.

बाईनं त्यांना पावलांवरून ओळखलं. "आला का मोठा पारखी?" एवढंच म्हणाली आणि सरकून दिवाणावर जागा केली. दीड वर्षाचं भांडण तेवढ्यात संपलं. दोन दिवस दुपारी आम्ही तो सीझन पाहिला, म्हणजे आम्ही पाहिला आणि मामाजींनी बाईला सांगितला. आणि मध्ये कुणी बोललं की भाग पहिल्यापासून लावणारा हा माणूस स्वतःच अखंड बोलत होता. "आता जिनिंग दिसून राह्यली. आता सून आली, हिरवं लुगडं हाय." पडद्यावर सून पंजाबी ड्रेसमध्ये होती. मधल्या मुलाचं काम करणारा नटच या सीझनला बदलला होता. तो बोलताच बाईनं विचारलं, "याचा आवाज काहून बदलला?"

"सर्दी झाली त्याले," मामाजी म्हणाले.

सहाव्या भागात बाईनं पुन्हा विचारलं, "याची सर्दी अजून गेली नाही?"

"जुनाट हाय," मामाजींनी मान हलवून सांगितलं.

शेवटच्या भागात थोरला मुलगा पावसात भिजत घरी येतो. आई दारात उभी. दोघंही बोलत नाहीत, नुसतं संगीत. मग आई त्याच्या तोंडावर दार लावते आणि सीझन संपतो. पेपरवाले चिडले होते ते याच शेवटावर.

"काय केलं तिनं?" बाईनं विचारलं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे. "दार उघडं ठेवलं तिनं," ते म्हणाले. "आत गेली. ताट वाढून राह्यली त्याले. भाकरी हाय, वांग्याची भाजी हाय."

"मग ठीक हाय," बाई म्हणाली.

संध्याकाळी मामाजी चौकात गेले तेव्हा बाई आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत होती. "दार लावलं ना तिनं?" बाई एकदम म्हणाली. "कडीचा आवाज आला मले. कान शाबूत हायेत माये."

"मग बोलल्या काहून नाही मावशी?"

"मायासाठी खोटं बोलून राह्यला होता तो. जन्मात पहिल्यांदा. त्याले कायले अडवू?" तिनं पुढची शेंग घेतली. "सांगू नको त्याले."

मी सांगितलं नाही. दारव्ह्याला परतल्यावर वाचनालयातले लोक परीक्षणाची वाट पाहत होते. मामाजींनी आठ दिवसांनी लहानसा कागद लावला, 'तिसरा सीझन ऐकण्यासारखा आहे.' औषधांच्या दुकानवाल्याला वाटलं, मामांची तब्येत बिघडली.

उन्हाळ्यात बातमी आली की मालिका बंद झाली, चौथा सीझन होणार नाही. मामाजींनी तो पेपर घडी करून खिशात घातला आणि रविवारी दहा वाजता बाईला फोन लावून सांगितलं की चौथा सुरू झाला, पण पांढरकवड्याच्या टीव्हीवर तो येत नाही, तेव्हा दर रविवारी एक भाग तेच सांगतील. आता ते शनिवारभर अंगणात येरझारा घालतात. मध्येच थांबून हातवारे करतात. परवा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, बाई म्हणे यावेळचा लेखक बदललेला दिसते. थोडा घोळ घालते म्हणे, पण आधीच्यापेक्षा बरा हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा झाला होता. मग कप खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "आईचं वय लय झालं आता त्या मालिकेत. लोक म्हणतीन, अजून जिती कशी? काय करू तिचं?"

"राहू द्या, मामाजी," मी म्हटलं. "अजून पुष्कळ भाग राहू द्या."